गोदीचे वळण कोणाचे

नाशिक,
ता. १२ जानेवारी १९३६

चि. खंडेरावास थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

आम्ही आत्या-भाची खुशाल आहोत. पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. शाळेत तपासणी होती. तपासणीला आलेल्या बाईंनी तुझ्या गोदीला फळ्यापाशी उभे केले आणि काळ-काम-वेगाचे एक किचकट गणित घातले. पोरीने खडू हातात न घेताच उत्तर सांगितले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, मुलीला वळण चांगले आहे. ती सहा वर्षांची असताना तू तिला माझ्याकडे धाडलीस, तेव्हापासून घसा फोडते आहे, त्याचे चीज झाले.

यंदा सातवीची फायनल झाली की तिला इंग्रजी शाळेत घालायचे माझ्या मनात आहे. तुझी संमती मी धरूनच चालते. लहानपणीही तू माझे ऐकायचास, मग ते मार चुकवायला का असेना! सौ. रंगूस आणि धाकट्या ठकूस आशीर्वाद. लोभ आहे तो वाढू दे.

तुझी आक्का,
वत्सला

चांदवड,
ता. २० जानेवारी

तीर्थस्वरूप आक्कास खंडेरावाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून छाती फुगली. दुकानात शेजारचा नजीर बसला होता, त्याला दोनदा वाचून दाखवले. पोर अखेर आबांच्या वळणावर गेली! लासलगावच्या बाजारात तोंडी हिशेब करावा तो आपल्या आबांनीच, व्यापारी त्यांना बिचकून असत. बी चांगले असले म्हणजे कांदा कुठेही पोसतो. तू मेहनत घेतलीस, नाही कोण म्हणतो? पण रक्तात आहे ते वर येणारच.

म्हणून मला आता काळजी उरली नाही. रक्तातली अक्कल कोणी काढून घेत नाही, मग आणखी शाळा हवी कशाला? परीक्षा झाली की गोदीला घरी धाड. देवळ्याचे एक स्थळ चालून आले आहे. मुलगी चौदाची होते आहे, तेव्हा नव्या कायद्याचीही अडचण नाही. रंगू बरी आहे. धाकट्या भावावर माया आहे तशीच असो.

खंडेराव

नाशिक,
ता. २ फेब्रुवारी

चि. खंडूस अ. उ. आ.

तुझ्या पत्राने डोके फिरले. बाई म्हणाल्या वळण चांगले आहे, म्हणजे कोणीतरी चांगले वळण लावले आहे. तू वाचलेस, आबांच्या वळणावर गेली. एका शब्दाचा भलताच अर्थ काढून पोरीला थेट बोहल्यावर चढवायला निघालास! अरे, आबांचे रक्त तुझ्यातही आहे ना? मग तिसरीत दोनदा का बसलास? ठकूही त्याच रक्ताची, आणि तिला अजून पाढे येत नाहीत हे तूच कळवतोस. कांद्याचे म्हणशील, तर एकच बी देवळ्याला पोसते आणि चांदवडला खुरटते, ही तुझीच दर वर्षाची रड.

अक्कल घडवावी लागते. गोदीला मी घडवले आहे, आणि ती अजून पुरती घडायची आहे. ती इथेच राहील. रागाने लिहिले असले तरी लोभात उणे आले असे समजू नकोस.

वत्सला

चांदवड,
ता. १५ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर पुष्कळ विचार केला आणि तुझे म्हणणे पटले. रक्तात काही नाही, सगळे घडवणाऱ्याच्या हातात. मग असे कर, ठकूला घेऊन जा आणि गोदीला परत दे. ठकूही तुझ्या हाताखाली घडेल, तुझ्या घरात सोबत राहील आणि देवळ्याच्या मंडळींनाही नाही म्हणायला नको. ती अक्षय्य तृतीयेला येणार आहेत.

खरे सांगू? मला आता काहीच कळेनासे झाले आहे. नजीरच्या चुलत्याचे मालेगावला माग आहेत. मुलगे दोन, बाप एक, शिकवणाराही तोच. थोरला निसार नक्षी नुसती बघतो आणि विणतो. धाकट्या अन्सारचा धागा रोज तुटतो. रक्त तेच आणि शिकवणेही तेच, मग फरक कशाने पडला, असे मी नजीरला विचारले, तर तो चहा पिऊन उठून गेला. उत्तर लवकर दे, आणि आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

खंडेराव

नाशिक,
ता. १६ एप्रिल

चि. खंडूस अ. उ. आ.

इतके दिवस उत्तर दिले नाही, कारण सुचत नव्हते. ठकूत गोदीचे डोके नाही, असे लिहायला घेतले आणि कागद फाडला. तसे लिहिले की तूच खरा ठरतोस. ठकूही घडेल म्हणावे, तर गोदी हातची जाते. मुलांना शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि या साध्या प्रश्नाला मला उत्तर नाही.

आज निकाल लागला. गोदी नापास झाली, तीही गणितात. पेपर मी पाहिला. असली गणिते ती भाजी निवडता निवडता करते. खोदून खोदून विचारले तेव्हा रडत म्हणाली, की तुझे पत्र तिने वाचले होते. पास झाले तर बाबा नेतील, नापास झाले तर वर्ष पुन्हा करावे लागेल आणि तेवढे तरी इथे राहता येईल, असा हिशेब करून तिने मुद्दाम उत्तरे चुकवली. याला अक्कल म्हणावी की बिनडोकपणा, आणि तो आबांचा की माझा, मला सांगता येत नाही.

भांडायला आता काही उरले नाही, म्हणून मनातले लिहिते. ती ढ निघाली असती तरी मला हवीच होती. शाळेतून आल्यावर कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायचे माझ्याच्याने आता व्हायचे नाही रे. पण बाप तू आहेस. आण म्हणालास तर मी स्वतः आणून पोचवीन. लोभ टिकव, एवढेच.

तुझी आक्का

चांदवड,
ता. २२ एप्रिल

तीर्थस्वरूप आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र घरात वाचून दाखवले, तशी रंगू चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, मी सांगते तसे लिहा, शब्द बदलायचा नाही. तिला लिहिता येत नाही, म्हणून पुढे हात तेवढा माझा आहे.

वन्सं, पाया पडते. तुमी भाऊ-बहीण संक्रांतीपासनं भांडताय. हे म्हणत्यात रक्त आबांचं, तुमी म्हणता वळण माझं. गोदीची आई बी कुणी हाय का नाय, हे दोघांनी बी इचारलं नाय.

अक्कल कुठून येती मला ठावं नाय. पन पोर आपल्या हातानं नापास व्हती, म्हंजी तिला यायचं नाय, येवढं मला बी कळतं. देवळ्याच्या लोकांना मी नगं म्हणून निरोप धाडलाय. हे जरा आरडले, मग गप बसले. ऱ्हाऊ द्या तिला तिकडंच. शिकू द्या.

माझं एक मागणं हाय. दिवाळीला आली तवा मला म्हणली, आई, तुम्ही बसा, मी वाढते. मी मागं वळून बघितलं, वाटलं कुणी पाव्हणी आली. तुमच्या शाळंत थोरामोठ्यांना तसंच म्हणायला शिकवत असत्याल, लय चांगली रीत हाय. पन ठकी मला तू म्हणून भांडती, आन गोदी बी तुमाला आत्या तू, आत्या तू करती. मी येकटीच तुम्ही झाले. ती गेल्यापासनं कधी झाले, ते मलाच कळलं नाय.

माया हाय तशी ऱ्हाऊ द्या, वन्सं. तिला गणित येऊ द्या नायतर न येऊ द्या. मला तेवढं तू म्हणायला शिकवा.

रंगूबाई,
हात खंडेरावाचा