निळ्यावरची पांढरी अक्षरं

१२ एप्रिल २०१९

आजपासून माझीपण रोजनिशी. हसायचं त्यांनी हसून घ्या. मला एक अक्षर येत नाही, पण नातीनं, श्रेयानं, तिचा जुना मोबाइल दिलाय. कॅमेऱ्याची काच फुटलेली, कान मात्र शाबूत. खालच्या चित्रावर बोट ठेवलं की मी बोलते आणि तो लिहितो. चौऱ्याहत्तर वर्षांत मला जमलं नाही ते या फुटक्याला जमतं. श्रेयाला शपथ घातलीय, मी असेपर्यंत वाचायचं नाही.

सोयगावचे हातपंप नुसते खडखडायला लागले. माझा लेक रामकिसन, श्रेयाचा बाप, जनावरं घेऊन चारा छावणीत गेला आणि माझी पाठवणी इथं संभाजीनगरला झाली. छावणी म्हणायची तर हीपण छावणीच, फक्त चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून नुसते नव्या बिल्डिंगांचे सांगाडे दिसतात. एवढ्या लोकांना पाणी कुठून पाजणार, ते विचारायचं राहून गेलं असंल कुणाचं तरी.

श्रेया वाळूजच्या कंपनीत मशीनच्या भागांची चित्रं काढते. पोरीनं मला पलंग दिला, स्वतः खाली झोपते. शेजारची चंपाबाई येऊन गेली. चष्मा बघून म्हणाली, आजी, वाचता वाटतं? मी म्हणलं, व्हय, थोडंफार. चष्मा तांदूळ निवडायचा आहे. कशाला बोलले असं, कोण जाणे.

१६ एप्रिल

श्रेयाचा कॉम्प्युटर आजारी आहे. चालता चालता सगळा पडदा निळा होतो, वर पांढरी अक्षरं येतात, मग आपोआप बंद होऊन पुन्हा चालू. तिनं महिन्यामागं आत नवी डिस्क बसवली, तेव्हापासून. मला समजावून सांगितलं तिनं : डिस्क म्हणजे साठवणीची कोठी. कोठीतलं सामान काढून आणणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा ड्रायव्हर आला, त्याला कोठीचं दार सापडत नाही, की कॉम्प्युटर हात टेकतो. मी म्हणलं, आमच्या टँकरवर नवा माणूस आला की त्यालापण विहीर सापडायची नाही, पण तो असा निळा नाही पडायचा, सरळ हॉटेलात जाऊन बसायचा. लई हसली.

मग तिनं कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. जुन्या कोठीत तिच्या आईचा आवाज आहे. माझी सून आशा, श्रेया सहा वर्षांची असताना गेली. पोरीला अक्षरं शिकवताना तिनं कॅसेट भरली होती, ती श्रेयानं कॉम्प्युटरमध्ये घेतली. कॅसेट नंतर बुरशीनं गेली. आता आशा तेवढीच उरलीय, त्या डब्यात. दुसरीकडं उतरवून घ्यायला गेलं की अर्ध्यावर निळं.

२० एप्रिल

श्रेया सकाळी काही तरी बदलून जाते. कधी वायर, कधी ड्रायव्हर. कॉम्प्युटर पडतो तेव्हा कोठीच बंद असते, म्हणून काय झालं त्याची नोंद राहत नाही म्हणं. मला तिनं एक कागद दिला, त्यावर खालच्या ओळीतली अक्षरं मोठी करून काढलेली. निळं आलं की बघायचं, जुळतात का. रांगोळी जुळवतीस तसं जुळव आजी, म्हणाली. संध्याकाळी तिनं विचारलं, मी म्हणलं, जुळतात, अगदी तीच.

खोटं बोलले. निळं आलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून बसले होते. तीनदा आलं, तीनदा.

२३ एप्रिल

फुटक्या, तुला सांगते. कुणाला तरी सांगितलं पाहिजे.

सोळा वर्षांमागं असाच दुष्काळ होता. आशा तापातून उठली होती, घरात घोट नव्हता. गावच्या विहिरीला ही रांग. पलीकडच्या मळ्याच्या विहिरीवर मात्र चिटपाखरू नव्हतं. काठावर निळा पत्रा ठोकलेला, त्यावर पांढरी अक्षरं. धोंडिबा शेरडं घेऊन परमुलखाला चालला होता. लांबून ओरडला, काकू, बोर्ड वाचला का? त्याच्यापुढं कशाला कबूल करू? मी म्हणलं, वाचला. दोन हंडे भरले. स्वतःच्या हुशारीवर हसत घरी आले.

आशा तांब्याभर पाणी प्याली. माझा निर्जळी उपास होता, रामकिसन पोरीला घेऊन बाजारगावी गेलेला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

विहिरीत फवारणीचं औषध पडलेलं. बोर्डावर तेच होतं.

रामकिसननं विचारलं, हे पाणी कुणी आणलं? माझ्या तोंडून निघून गेलं : तिनंच. मी नको म्हणत होते. दहावी झालेली बाई, सगळा गाव म्हणाला, शिकून काय उपयोग. मी मान हलवली.

तेव्हापासून मी कच्चं पाणी पीत नाही. सगळ्यांना वाटतं, म्हातारीला चहाचं व्यसन आहे.

२७ एप्रिल

आज मान वळवली. लाज वाटली म्हणून. पोरगी जीव काढतीय आणि मी भिंत बघते.

श्रेयाच्या कागदावरची अक्षरं कोंबड्यांसारखी सुटी सुटी उभी आहेत. पडद्यावरची तशी नव्हती. ती वरच्या दोरीला कपडे वाळत घालावेत तशी लोंबत होती.

संध्याकाळी आडून विचारलं. श्रेया म्हणाली, अगं, वरची रेघ आपल्या मराठीला असते. इंग्रजीला नसते. ते निळं सगळं इंग्रजीच असतं आजी.

मी म्हणलं, हो का. आणि पुन्हा सांगितलं, जुळतात.

३० एप्रिल

कॉम्प्युटर बरा झाला. श्रेयानं जुना ड्रायव्हर परत आणून बसवला. दोन दिवस निळं नाही. आशाचा आवाज दुसऱ्या जागी उतरवून झाला.

मग लावला. क कमळाचा. प पतंगाचा. ण बाणाचा. तापानंतरचा बारीक आवाज. मध्येच म्हणते, आत्याबाई, तुम्हीपण म्हणा. आणि मागून माझं हसू. चुलीला वाचता येत नाही, मला कशाला, असं म्हणतीय मी. केवढ्या तोऱ्यात.

श्रेया रडली. मग डोळे पुसून म्हणाली, एवढी शिकलेली, तरी तिला तो बोर्ड दिसला नाही. मला एकटीला टाकून गेली, निष्काळजी बाई.

मी घासलेलंच पातेलं पुन्हा घासलं.

२ मे

श्रेया कामावर. कॉम्प्युटर बंद. वायर भिंतीतून काढून ठेवलेली, मी हात लावून बघितली.

पडदा निळा.

आवाज आला. सगळी अक्षरं नाहीत. दोनच. प पतंगाचा. ण बाणाचा. पुन्हा प. पुन्हा ण. आणि मग, आत्याबाई, तुम्हीपण म्हणा.

मी कानात पदर कोंबला.

श्रेयाला काय सांगू? सांगायचं तर सगळंच—

४ मे, सकाळ

टँकर काल आला. नळाला जोर नाही म्हणून भिंतीवरचं फिल्टर बंदच आहे. आज श्रेया गेल्यावर फडक्यानं गाळून माठ भरला, तिच्यासाठी. माझा चहा.

वॉचमन मोतीराम दारादारावर कागद चिकटवत गेला. चंपाबाई कुलूप लावता लावता म्हणाली, वाचलं का आजी? मी डोळ्याला चष्मा लावला. वर-खाली बघितलं. म्हणलं, वाचलं.

कागद चांगला जाड आहे. दारावरनं काढून मसाल्याच्या डब्याखाली घातला.

४ मे, दुपार

निळं. जात नाही. तासभर तसंच.

दोरीला लोंबणारी अक्षरं. मोठी. दोनच—

पहिलं ओळखलं. पतंगाचं. पुढं काठी. दुसरं बाणाचं—

पा. णी.

मी वाचलं. मी. कुणी शिकवलं मला—

खाली आणखी एक शब्द आहे. तोपण पतंगानंच सुरू—

डब्याखालचा कागद काढला. हळद सांडली. पहिलाच शब्द— तोच. रांगोळीसारखा जुळला. आता जुळला—

माठ.

चंपाबाईचं दार वाजवलं. कुलूप. मोतीराम खाली नाही. परत आले. माठ उचलवत नाही—

दार. श्रेया आली. उन्हानं लाल. सरळ स्वयंपाकघरात गेली. झाकणाचा आवाज—

ही मागून म्हणतीय. आत्याबाई, तुम्हीपण म्हणा. म्हणते गं बाई, म्हणते—

श्रेया! तांब्या खाली ठेव! विचारू नको, आधी ठेव. कागद होता, मला वाचता येत— आणि तेव्हापण— तुझ्या आईला बोल लावू नको, तिनं नाही आणलं ते पाणी, बोर्डापाशी ती गेलीच नव्हती, मी—