त्याच्या श्वासाचा नवस

८ सप्टेंबर, सोमवार

लक्ष्मण आज एकटा बांधापर्यंत जाऊन आला. काठी नाही, कुणाचा हात नाही. मी चुलीपुढून दारातून बघत बसले आणि तव्यावरची नागलीची भाकरी करपली. सासू ओरडली, "नवरा काय पळून चाललाय का?" म्हटलं, पळू दे की! पळण्याएवढा दम आला तर नारळ फोडीन.

देवा, तुझे उपकार. रोज लिहिते, आजही लिहिते.

आषाढात झोपेत मण्यार चावली त्याला. कळलंसुद्धा नाही. उजाडलं तर पापण्या उघडेनात, मग जीभ जड, जव्हारच्या दवाखान्यात पोचेपर्यंत छाती हलायची थांबत आलेली. तिथून मोखाड्यावरून नाशिक. घशात नळी. श्वास मशीन घेणार, हा नुसता पडलेला. आणि आज तो माणूस बांधावर उभा राहून भाताला शिव्या देत होता. डोळे भरून आले माझे, सासूला म्हटलं धुराने.

११ सप्टें.

नाशिकला तपासणी. डॉक्टर बाई चांगल्या. मशीनमुळे छातीत पाणी झालं होतं ते गेलं, पण फुप्फुस अजून नाजूक. प्लास्टिकचं एक खेळणं दिलंय, नळीने ओढायचं की आतल्या गोळ्या वर उडतात. रोज करायचं. मी हळूच विचारलं, हा तारपा वाजवतो, चालेल का? त्यांना तारपा माहीत नव्हता. मी सांगितलं, भोपळ्याचा असतो, हाताहून लांब, जोराने फुंकावा लागतो, आणि मध्ये श्वास तोडायचा नाही, नाकाने घेत राहायचा नि तोंडाने फुंकत राहायचं, नाचणाऱ्यांचा फेर थांबेपर्यंत. त्या म्हणाल्या, "अजिबात नको. यंदा नकोच."

लक्ष्मण बाहेर वडापाव खात होता. त्याला सांगितलं, "सगळं बरं आहे म्हणाल्या."

येताना गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. घाट बघायला नव्हे.

१२ सप्टें.

झोप नाही, म्हणून पहाटे लिहिते. कुणाला बोलायची सोय नाही.

नवस मी बोलले. नाशिकला, त्याच्या उशाशी उभी राहून. 'वाघदेवा, याचा श्वास याला परत दे. दिवाळीआधीच्या वाघबारशीला हा तुझ्यापुढं तारपा वाजवील, अख्खा फेर, न तोडता.' दुसरं काही सुचलंच नाही. बायका कोंबडं बोलतात, नारळ बोलतात, अनवाणी जायचं बोलतात. मी काय बोलले? नवस माझा, फुंकायचं त्याला. अगं सुमन, अंगणवाडीत पोरांना शिकवतेस ना, दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही?

त्याला सांगितलेलं नाही. तेव्हा सासूला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे अख्ख्या पाड्याला माहीत, फक्त ज्याने वाजवायचं त्याला नाही.

१७ सप्टें.

अंगणवाडीत वजनं. दोन पोरं वाढली, एक तिथंच. वरच्या मॅडमचा फोन, फोटो पाठवा. पाठवले.

विहिरीवर बायका: "सुमन, यंदा तुझ्या घरचा तारपा ना? नवसाचा आहे म्हणं." मी घागर उचलली नि निघाले. मागून हसल्या. चांगल्या मनाने हसल्या, मलाच काटे टोचत होते.

लक्ष्मण ते खेळणं ओढतो. एक गोळी वर जाते, दुसरी थरथरते, तिसरी ढिम्म. म्हणतो, "हे उलटंच काम. मी आयुष्यभर फुंकलं, हे ओढायला लावतायत."

२० सप्टें.

सासूने नवा हुकूम काढला. लवकरचं हळवं भात आता पिवळं पडायला लागलंय. नवं झालं की गावदेवाला दाखवून सगळा पाडा खाणार, पण आमच्या घरात नवा दाणा शिजणार नाही, नवस फिटेपर्यंत. "देवाचं ठेवून आपण जेवायचं? शोभतं का?"

मी म्हटलं, "आय, डॉक्टर नको म्हणाली."

"डॉक्टरनं त्याला मशीन दिलं. श्वास कुणी दिला?"

काय उत्तर द्यायचं याला? मला विचाराल तर दोघांनी मिळून दिला. पण हे सासूपुढं बोललं तर माझाच श्वास काढून घेईल.

२४ सप्टें.

जानूकाकांकडे गेले. लक्ष्मणचे चुलते, पाड्याचे भगत. सूप विणत बसले होते. मी सगळं सांगितलं, डॉक्टरसकट. विचारलं, नवस बदलता येतो का? मी उपास करीन, वाघदेवाच्या पायरीपर्यंत लोटांगण घालीन, वरच्या पाड्याचा रघू वाजवील त्याच्या नावाने.

काकांनी सुपाची एक काडी ओवून घट्ट केली. मग: "रघू वाजवील, देव ऐकंल बी. पण बाय, तू श्वास मागितलास तो रघूचा नव्हता."

मी चिडले. म्हटलं, मग काय मारायचा का त्याला परत?

"मी असं बोललो का? देवाला जाऊन विचार. माझ्याशी भांडून काय व्हनार."

परत येताना नुसती चालत सुटले. जामसरच्या रस्त्याला लागले तेव्हा कळलं की घर मागं राहिलं.

२५ सप्टें.

विचारलं देवाला. अंगणवाडी सुटल्यावर एकटी गेले. वाघदेव तिथंच, झाडाखाली, लाकडात कोरलेला, वर चांद नि सूर्य, शेंदूर नवा कुणीतरी लावलेला. म्हटलं, तू दिलास. माझ्या कपाळाचं कुंकू तू राखलंस, माझ्या पोरीचा, कमळचा बाप राखलास, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण दिलेलं परत मागू नकोस रे. मागायचं तर माझ्याकडचं माग.

काही झालं नाही. पान हललं नाही. एक शेळी येऊन माझ्या पदराला तोंड लावून गेली.

थोडं हसू आलं. मग रडू.

२९ सप्टें.

आज स्फोट.

दुपारी जेवताना लक्ष्मण एकदम म्हणाला, "मेण आण बाजारातून. तारप्याचा जोड सुटलाय."

मी विचारलं, कशाला?

"वाघबारस आली."

सासू माझ्याकडं बघते, मी सासूकडं. मी म्हटलं, यंदा राहू दे, रघू वाजवील. डॉक्टर बाईंनी...

"तू बोललीस ना नवस?"

कुणी सांगितलं याला, असं मी ओरडलेच. सासूकडं बोट दाखवलं. ती शपथा घ्यायला लागली. लक्ष्मण भात कालवत म्हणाला, "कुणी नाय सांगितलं. मी ऐकलं. तिथंच. डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं, पण कान उघडे होते. सगळं ऐकू येत होतं, तू शेजारच्या खाटेपाशी उभ्या बाईला साडीचा भाव विचारलास ते पण."

(खरंच विचारला होता. रडून रडून डोकं बधिर झालं होतं, तिची साडी छान होती.)

मला बसवेना. म्हणजे मी त्याचा श्वास देवाला बोलून टाकत होते, आणि तो ऐकत पडला होता! मी म्हटलं, "रागावलास?"

"कशाला? मला वाटत होतं मी मेलो. अंधार, हात नाय, पाय नाय. तू बोललीस, हा वाजवील. म्हटलं अरे, म्हणजे आहे मी अजून." मग म्हणाला, "मशीन श्वास घ्यायचं, आणि मी मनात तारप्यावर बोटं ठेवायचो. त्याच्या तालावर. तेवढंच काम होतं मला."

सासू उठून मागच्या दाराला गेली. तिला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

मी आनंद करायला पाहिजे होता. पण भीती दुप्पट झाली. आता याला कोण थांबवणार?

२ ऑक्टोबर, दसरा

पाड्यात नवं. घराघरातून नव्या भाताचा वास. आमच्याकडं रेशनचा तांदूळ. कमळ आश्रमशाळेतून सुट्टीला आलीय, विचारते, आपलं नवं कधी? आजीने सांगितलं, तुझा बाप वाजवील तेव्हा. पोरीने बापाकडं बघितलं. तिलाही भीती वाटते, दिसतं. तेरा वर्षांची आहे, सगळं कळतं.

६ ऑक्टो.

तारपा दुरुस्त झाला. भोपळा तोच, नळ्या नव्या, मेण मीच आणलं खोडाळ्याच्या बाजारातून. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर न आणताच आली असती. मला मात्र चांगल्यातलं चांगलं घेतल्याशिवाय राहवलं नाही. काय म्हणावं या बाईला!

सकाळी त्याने फुंकून बघितलं. दोनच दम. खोकला लागला तो थांबेना. ओठ काळपट. मी तारपा हिसकावून घेतला. तो खोकत खोकत हसतो. एक सणसणीत शिवी दिली मी त्याला. नवऱ्याला शिवी, सणाच्या महिन्यात. देवा, माफ कर, पण त्याला पण सांग काहीतरी.

१० ऑक्टो.

डॉक्टर बाईंना फोन केला, खरं ते सांगितलं. नवससुद्धा. वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, तो ऐकणार नसेल तर निदान थोडंच, बसून, आणि चक्कर किंवा छातीत दुखलं की तिथंच थांबवायचं. "थांबवायचं काम तुमचं."

माझं! नवस बोलणारी मी, थांबवणारी पण मीच. बरं आहे.

दोन गोळ्या नीट वर राहतात आता. तिसरी उडते नि पडते.

१४ ऑक्टो.

चित्त लागत नाही. अंगणवाडीत एकाच पोराचं वजन परत परत घेतलं. त्याची आई म्हणाली, "बाई, वाढलंय की त्याचं मघाशीच."

लक्ष्मण शांत. राग येतो त्याच्या शांत असण्याचा. मी विचारलं, तुला भीती नाही? म्हणाला, "वाटते. पण ती तिकडची भीती बघितल्यावर ही बारकी वाटते."

१७ ऑक्टो., वाघबारस

चूल पेटवायची राहिलीय, पण आत्ताच लिहायचं.

दुपारनंतर सगळे वाघदेवापाशी. गुरं रंगवलेली, शिंगांना झेंडूची फुलं. जानूकाकांनी नारळ, शेंदूर, नव्या दाण्याची मूठ. गुरं राख, पोरं राख, राखलीस ती अशीच राख, असं म्हणत गेले, आणि लक्ष्मणचं नाव घेतलं तेव्हा आवाज फाटला त्यांचा. मला वाटत होतं त्यांना काही वाटत नाही.

लक्ष्मणला दगडावर बसवलं. मी समोर उभी, त्याच्या ओठांवर डोळे. त्याने वाजवायला घेतलं.

काय सांगू. आवाज बारीक होता, आधीसारखा रान भरून टाकणारा नव्हता. पण तोच होता. बायकांनी कमरेला हात घातले, फेर सुटला. सासू फेरात! गुडघे दुखतात म्हणून विहिरीवर जात नाही ती. कमळ माझा हात ओढत होती, आई चल. मी नाही गेले. मी थांबवणारी.

नाकाने घेत होता, तोंडाने फुंकत होता, तुटत नव्हतं. छाती वर-खाली. मशीनने हलायची ती छाती आता स्वतःची स्वतः. मी मोठ्याने म्हणत होते, वाघदेवा, तुझे उपकार, तुझे उपकार. लोक बघत होते, बघू देत.

फेर अर्ध्याच्या पुढं गेला असेल. आणि त्याने तारपा खाली घेतला.

मी धावले. खोकला नाही. ओठ बरे. घाम होता, डोळे माझ्याकडं. सगळे जागच्या जागी थांबले. जानूकाका म्हणाले, "झालं. पोचलं देवाला."

लक्ष्मण म्हणाला, "नाय काका. अख्खा फेर बोललीय ही. अर्धा राहिला. पुढच्या वाघबारशीला."

१८ ऑक्टो.

घरात दोन तट. सासू म्हणते अर्धवट नवस म्हणजे देवाची चेष्टा. जानूकाका म्हणतात देवालाही चेष्टा चालते. कमळने मधल्यामध्ये नवा तांदूळ शिजवून टाकला, आजीने अजून खाल्लेला नाही. बाकी सगळ्यांनी खाल्ला. मी पण. गोड होता.

मी लक्ष्मणला गाठलं गोठ्यात. म्हटलं, खरं सांग. दम संपला, का मुद्दाम थांबलास?

म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"मला विचारू नकोस, सांग."

गवत टाकत राहिला. मग: "सगळं फेडून टाकलं तर तो आपल्याकडं परत कशाला बघंल? थोडं राहू दे त्याचं आपल्याकडं."

आणि मग खोकला. छोटाच. पण हसण्याचा होता का दमाचा, ते त्याने तोंड फिरवल्यामुळं कळलं नाही मला.

१९ ऑक्टो., रविवार

तो ओसरीवर झोपलाय, दुपारचा. कमळ त्याच्या पायाशी अभ्यास करतेय, म्हणजे मोबाइल बघतेय. मी तांदूळ निवडायचं सोडून त्याच्या छातीकडं बघत बसलेय. वर, खाली. वर, खाली. अजून एक वर्ष असंच बघत बसणार मी, माहीत आहे मला.

मघाशी हात जोडले. नीट आभार मानायचे ठरवलं होतं, घाई नाही, भीती नाही, नुसते आभार. डोळे मिटले. 'देवा' म्हटलं, आणि पुढं तोंडातून एवढंच आलं, राहू दे त्याला.