गिरसप्पाचा महिना

तात्या,

आपल्याकडे सीझन म्हणजे उसाचं गाळप, आणि गाळप संपलं की ऑफ सीझन. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर गिरसप्पाच्या धबधब्याचं चित्र होतं. त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं ‘पाहण्यास उत्तम सीझन : ऑक्टोबर ते जानेवारी’ मी वाचून दाखवलं, तेव्हा भाकरीचा घास हातात तसाच धरून तुम्ही हसलात. “आमचाबी सीझन त्योच की. म्हंजी त्यो आन् मी एकाच पाळीत.” आई म्हणाली, “मग नगा जाऊ. चित्र हाय की हितं.” वर्ष संपलं तरी ते पान तुम्ही कुणाला काढू दिलं नाहीत.

तुम्ही पॅनमन होता. पाक शिजतो त्या मोठ्या भांड्यातून, पॅनमधून, नमुना काढायचा, काचेवर पसरून उजेडाला धरायचा, बोटांत चोळायचा आणि दाणा झाला की नाही ते सांगायचं. प्रयोगशाळेचा कागद नंतर यायचा. तो तुम्ही न वाचता खिळ्याला अडकवायचात. “कागद येईस्तोवर साखर थांबती व्हय?” मी बारामतीला डिप्लोमा करत होते आणि दर रविवारी निरवांगीला घरी आल्यावर यावरून तुमच्याशी वाद घालत होते.

त्या जुलैत तुम्हाला चार दिवसांची रजा मिळाली. कारखान्यातल्या एका फिटरचे नातेवाईक धबधब्याजवळ सागरला होते, उतरायची सोय झाली. तुम्ही आईला पिशव्या भरायला सांगून माझ्याकडे आलात. “चल गं. तू, मी आन् तुजी आई.” मी आलेखाची वही काढली. आडवे बारा महिने. एक रेघ पाण्याची, एक रेघ किती दिसेल त्याची. जुलैत पाणी भरपूर, पण धुक्याने दिसणं शून्य. उन्हाळ्यात सगळं दिसतं, पण पाणी नाही. दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात ती जागा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. मी तिथे गोल केला.

तुम्ही म्हणालात, “धुकं काय कायम बसून ऱ्हातंय व्हय? जाऊन बघू की.”

“अंदाजाने एवढ्या लांब जायचं नसतं, तात्या.”

ती वही तुम्ही उजेडाला धरलीत. दाण्याची काच धरता तेवढाच वेळ. मग म्हणालात, “बरं. इंजनेर बाई म्हणत्यात तर ऑक्टोबर.” आईने पिशव्या रिकाम्या केल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बॉयलर पेटला आणि सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. ते जुलैतही ठाऊक होतं. तुम्हाला आणि मलाही. फेब्रुवारीत पहिली पाळी करून तुम्ही घरी आलात, बूट काढायला ओट्यावर बसलात, ते पुन्हा उठलाच नाहीत.

तुमच्या मागे कारखान्याने मला प्रयोगशाळेत घेतलं. पॅनवरून नमुना येतो, मी तपासते, कागद वर पाठवते. तिथे आजही तो कुणी वाचत नाही. बॉयलर पेटल्यापासून गाळप संपेपर्यंत मी तालुक्याबाहेर जात नाही. मला बघायला येणारेही पावसाळ्यातच येतात, आणि नोकरी सोडणार का, हे पहिल्या चहालाच विचारतात. मी सोडली तर आई कशावर राहील, ते कुणी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात नवीन पॅनमन रजेवरून आला. लग्न होऊन दोन महिने झालेत, बायकोला घेऊन गिरसप्पाला गेला होता. जुलैत. मी विचारलं, “धुक्यात काय दिसलं?” त्याने फोटो पुढे केला. “धुकं हाय ओ ताई, पर सरकतंय. धा मिंटं थांबायचं, समदं उघडं.” फोटोत धबधब्याच्या चारही धारा मोजता येत होत्या. मी मोजल्या.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं नाही. तिला माझ्या रजेचं माहीत आहे. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “तुला चार दिस हायती. जाऊ की आपुन.” मी म्हणाले, जुलैत धुकं असतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “व्हय. तवाबी हुतं.”

आज रजेचा दुसरा दिवस. हे मी त्याच आलेखाच्या वहीतल्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. धाडायला जागा नाही, आणि असती तरी धाडलं नसतं. तात्या, त्या दोन रेघांना आधार काहीच नव्हता. कॅलेंडरावरची ती एक ओळ सोडली तर सगळं मी मनाने काढलं. तुम्ही कुणाचाच कागद मानत नव्हता. माझा एक तरी मानावा, एवढंच मला हवं होतं.

आई पुन्हा विचारेल. मी धुकंच सांगणार आहे.