चाळीस हजार तीनशे वीस

३ जानेवारी
संकल्प. चर्चच्या आठ घंटा, आम्ही आठ जण. घंटांचा प्रत्येक क्रम एकदा, आणि एकदाच. आठ गुणिले सात गुणिले सहा, असं खाली एकपर्यंत. ४०३२०! न थांबता अठरा तास. आमच्या गावात कुणाच्या बापाने वाजवलेलं नाही. आकडा तरी काय देखणा! एक ते दहा, कशानेही भागा, बाकी शून्य. प्रमुख मी, तेव्हा यंदा राग बंद.

१० जानेवारी
पबमध्ये योजना सांगितली. मेहुणा कथबर्ट म्हणे, दाजी, अठरा तास दोर ओढायचा तर लघवीला कधी जायचं? सगळे फिदीफिदी हसले. मी शांतपणे ग्लास खाली ठेवला. मध्ये त्याचं नाक आलं. कथबर्ट गेला, पीडा गेली. सात जणांचे ५०४०, तीन तासांत उरकतं. यालाही एक ते दहा सगळ्यांनी भाग जातो, म्हणजे काही बिघडलेलं नाही. घरी येताना हेस्टर माझ्यापासून दहा पावलं पुढे चालली. नवऱ्याच्या आकड्यापेक्षा बायकोला भावाचं नाक मोठं.

२४ जानेवारी
प्रिंगल जुळे आहेत, म्हणून दोघांनी एकदमच चुकायचं? एकाला दोराच्या टोकाने समज दिली. दुसऱ्याने माझा डोळा सुजवला. मी त्याला चावलो, पण तो बचाव होता. दोघेही गेले. उरलो पाच, १२०. पाच मिनिटांत खेळ खलास. सातने भागून पाहिलं, बाकी एक! आकड्याने पहिल्यांदाच दगा दिला. माझ्याच दुकानातलं थंड मांस डोळ्यावर धरलं. खाटकाला एवढा एक फायदा.

७ फेब्रुवारी
आमच्या पाचांतल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या मिस ऑगडेन म्हणाल्या, मिस्टर लडफोर्ड, दर मारामारीला तुमचा आकडा भागला जातोय. गुणायला माणसं लागतात. मी म्हटलं, मग कुणीच नसलं की शून्य का? तर म्हणे, नाही, तेव्हाही एकच. रिकाम्या घंटाघराचाही एक क्रम असतो, शांतता. गणितात तसंच धरतात.
असला आगाऊपणा! स्टूल मी भिंतीवरच फेकलं होतं. तिथून ते म्हाताऱ्या डॉबसनच्या गुडघ्यावर गेलं, त्याला मी काय करणार? त्याने काठीने माझ्या बरगड्या मोजल्या. पाद्री मध्ये पडले, त्यांनाही एक बसली. म्हटलं, आता दुसरा गाल पुढे करा. त्यांनी गुद्दा पुढे केला. तिघेही गेले. मी आणि हेस्टर, म्हणजे दोन.
दोनही वाईट नाही. मूळ संख्या आहे.

१४ फेब्रुवारी
हेस्टरला फक्त एवढंच म्हटलं, की तुमच्या खानदानात ताल नाही. तिने स्वतःचा दोर माझ्या हातात दिला आणि घंटा तोंड वर करून उभी असताना त्याच दोराला नको तो झटका मारला. जड घंटा पलीकडे कलंडली. दोराने मला थेट छताला नेऊन आपटलं. खाली आलो तेव्हा ती जिना उतरत होती. म्हणाली, आता एकटाच वाजव मेल्या, मी भावाकडे चालले.
टाळूला टाके. घर खायला उठलं आहे.

२८ फेब्रुवारी
एकटाच गेलो. एक घंटा, एक क्रम. जीव तोडून वाजवली.
इथे एकटी घंटा वाजते ती कुणी मेल्यावर. सगळं गाव खाली गोळा झालं, टोप्या काढून. खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कथबर्ट ओरडला, अरे, हा तर जिवंत आहे! टोप्या परत डोक्यावर चढल्या.
हेस्टरही आली होती, धावत, एका पायात चप्पल नव्हती. मला पाहून तिने छातीवर हात ठेवला. मग भावाबरोबर परत गेली.
दोर खुंटीला अडकवला. ऑगडेनबाईंचा हिशोब दोनदा करून पाहिला. मी असलो तरी एक. नसलो तरी एक.