स्वतःला सोडून कुणालाही

११ जानेवारी, रविवार

माणूस गाणं ऐकून मत देतो, की शेजार बघून? आमचे मॅनेजर वेदांग सर, त्यांनी परवा विचारलं. मी म्हटलं, गाणं ऐकून.

झालं असं, की इथे आखातात रुवैसची रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवणार, त्या शटडाऊनची नोटीस गुरुवारी लागली. पंधरा फेब्रुवारीपासून आमची सगळी माणसं तिकडे रिफायनरीच्या कामाला जाणार, म्हणून आतापासून एप्रिलअखेरपर्यंत रजा बंद. सगळ्यांच्या. शुक्रवारी कंपनीच्या लेबर कॅम्पमधली माणसं ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. ओरडत नव्हती. नुसती उभी होती — ते जास्त वाईट. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचे वडील अंथरुणावर.

सर म्हणाले, "सोनम, तू वेल्फेअरला आहेस ना? काहीतरी कर. यांचं डोकं दुसरीकडे वळव."

मी गाण्यांची स्पर्धा सुचवली. युरोपात असते तशी, देशादेशांची. कॅम्पमध्ये पाच देश आहेतच — इंडिया, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश आणि गेटवरच्या युगांडाच्या चार गार्ड मुली. प्रत्येक देशाचा एक गायक. प्रत्येक देशाला एक मत, स्वतःला सोडून कुणालाही. म्हणजे आपल्या माणसाला देताच येणार नाही. गाणं ऐकावंच लागेल!

सर हसले. "अगं, तिकडेही शेजारी शेजाऱ्यालाच देतात. दरवर्षी बोंब असते."

"आपल्याकडे नाही देणार, सर."

"आणि बक्षीस काय? मोबाईल?"

"रजा. जिंकेल त्याला पंधरा दिवसांची रजा."

ते म्हणाले, "ब्रिलियंट."

नोकरीत पहिल्यांदा मला कुणी ब्रिलियंट म्हणालं. आज सुट्टी असूनही दिवसभर तोच शब्द डोक्यात आहे.

१३ जानेवारी

जेवताना बाबांना सांगितलं. ते याच कंपनीत स्कॅफोल्डिंगचे फोरमन, कॅम्पची नस न् नस ठाऊक. त्यांना हसताना ठसका लागला.

"एकदा सहा वाजता कॅम्पच्या किचनमध्ये ये, सोनू. मग नियम कर."

आई चिडली. "तिला नका खाली ओढू. ग्रॅज्युएट आहे ती."

"म्हणून तर सांगतोय."

१६ जानेवारी

सकाळी इतकं धुकं, की गेटचा दांडा दिसला नाही, नुसता लाल-पांढरा एक तुकडा हवेत तरंगत होता. त्याच्यामागून नबिला आली. युगांडाच्या गार्डपैकी ती सगळ्यात मोठी. माझं कार्ड बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "मॅडम, गार्डलाही गाता येईल का?"

म्हटलं, का नाही! तुमचाही देश आहे.

मग म्हणाली, बक्षिसाचं खरं आहे ना? तिची मुलगी सहा वर्षांची, नाव मरियम. हृदयात छिद्र. परदेशी डॉक्टर वर्षातून एकदाच तिकडे येतात, फुकट ऑपरेशन करतात. मरियमचा नंबर लागलाय. तेरा फेब्रुवारी. आईची सही हवी, आई हजर हवी. बाप कधीच निघून गेलाय.

"तिकिटाचं आम्ही चौघी बघतो, मॅडम. कंपनीनं फक्त मला सोडावं."

मी म्हटलं, स्पर्धेची कशाला वाट बघतेस? मी उद्याच सरांशी बोलते. अशा वेळी कोण नाही म्हणेल?

ती हसली. माझ्याहून फार मोठी नाही ती. पण असं हसली, की मी लहान झाले.

२० जानेवारी

सर नाही म्हणाले.

"एकीला दिली तर उद्या दारात सगळे. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी असतंच." मग आवाज मऊ करून, "आणि गाऊ दे ना तिला. तूच तर फेअर चान्स दिलायस."

त्यांचं चुकतंय कुठे, ते बोटानं दाखवता येईना. माझेच शब्द होते ना.

२५ जानेवारी, रविवार

आज गेले किचनमध्ये, सहाला.

दोन खोल्या. एकीत इंडिया आणि नेपाळ, दुसरीत पाकिस्तान आणि बांगलादेश. शेगड्या कमी, माणसं फार. शिफ्ट सुटली की पहिल्या तासात जो शिजवेल तो वेळेवर झोपेल, बाकीचे भात होईपर्यंत पातेल्याशेजारी डुलक्या काढतात. म्हणून ठरलेलं आहे — आज पहिला तास इंडियाचा, उद्या नेपाळचा. कुणाला उशीर झाला तर दुसरा त्याचं पातेलं चढवून ठेवतो. पलीकडच्या खोलीत तेच, फक्त मटणाचा वास जास्त. कागदावर काही नाही. तरी पोलिसांपेक्षा कडक.

"आणि युगांडाच्या मुली?"

बाबा म्हणाले, "त्या कुठल्याच किचनच्या नाहीत. गेटच्या केबिनमध्ये विजेची एक प्लेट आहे, त्यावर काहीतरी करतात."

"नबिला तर मुसलमान आहे. पलीकडे चालेल की."

"चालेल. पण पलीकडच्या एखाद्या शेगडीवरून कुणाला तरी उठावं लागेल. कोण उठणार?"

तेवढ्यात नेपाळचा धनंजय पातेलं घेऊन आला आणि बाबांच्या खांद्यावर हात टाकून (दाई म्हणजे त्यांच्याकडे मोठा भाऊ) म्हणाला, "उल्हासदाई, हमारा वोट तो पक्का. आपका?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "यल्ला, चल, पहले गाना तो याद कर."

२९ जानेवारी

गेटच्या केबिनमध्ये आज बिर्याणी आली. काल डाळ-भात आला होता, त्यावर तूपसुद्धा! सगळ्यांचा हिशोब झालेला आहे — एका किचनमधले दोन देश एकमेकांनाच मतं देणार, चारी देशांना एकेक मत पडणार, आणि जिंकणार कोण ते पाचवा देश ठरवणार. ज्यांना कुणी शेजारी नाही, त्यांच्या दारात रांग. पण एकाही माणसानं नबिलाला विचारलं नाही, तू काय गाणार आहेस.

तिला म्हटलं, घाबरू नकोस. गाणं ऐकल्यावर माणूस बदलतो.

हे मी मनापासून म्हटलं. इथे खोटं कशाला लिहू?

१ फेब्रुवारी, रविवार

झाली स्पर्धा.

यार्डातला ट्रेलर म्हणजे स्टेज. धनंजय दुसरं कडवं विसरला, स्वतःच खो-खो हसला, लोकही हसले. पाकिस्तानचा राहिल बरा गायला. बांगलादेशचे अलीमियाँ क्रेन चालवतात, त्यांनी नावाड्याचं गाणं म्हटलं, डोळे मिटून. आपला किसन — गुहागरकडचा, गावी जाखडी नाचात गायचा — पालथ्या बादलीवर ठेका धरून असा गायला, की नेपाळीसुद्धा गोल करून नाचायला लागले. छान गायला. खरंच.

शेवटी नबिला. ड्युटीवरून तशीच आली, युनिफॉर्ममध्ये. वाद्य नाही, काही नाही. म्हणाली, "माझी मुलगी हे ऐकल्याशिवाय झोपत नाही. आता फोनवर ऐकते." आणि गायली.

शब्द एकालाही कळले नाहीत. पण बाजूच्या वर्कशॉपचा कॉम्प्रेसर घरघरत होता, तो कुणीतरी धावत जाऊन बंद केला. अलीमियाँ टोपीनं डोळे पुसत होते. बाबांनी मान खाली घातलेली. टाळ्या थांबेनात! मी मनात म्हटलं, बघा सर. बघा!

मग मतं. प्रत्येक देशाचे तीन पंच माईकवर आले.

"इंडिया की तरफ से — नेपाल!" हे बाबा बोलले. माझे बाबा, माईकवर.

नेपाळ — इंडिया. पाकिस्तान — बांगलादेश. बांगलादेश — पाकिस्तान.

टाळ्या सगळ्यात जास्त तिला आणि मत एक नाही. आता तिचं स्वतःचं मत राहिलं. चौघी एकमेकींशी कुजबुजल्या. अर्धं यार्ड ओरडत होतं, "सिस्टर! बिर्याणी याद है ना!" नबिला माईकपाशी आली.

"आम्ही गाणं ऐकलं," ती म्हणाली. "किसन सगळ्यात चांगला गायला. इंडिया."

त्या सबंध यार्डात गाणं ऐकून दिलेलं ते एकच मत.

२ फेब्रुवारी

आईनं किसन जिंकला म्हणून शिरा केला. मी खाल्ला नाही. बाबांना विचारलं, "तुम्ही रडत होतात. मी बघितलं. मग नेपाळ का?"

"रडलो ते खरं. मत दिलं तेही खरं."

"तिच्या मुलीचं ऑपरेशन आहे, बाबा!"

"ठाऊक आहे. नेपाळ्यांना सोडून तिला दिलं असतं, तर आज माझी माणसं कुठल्या शेगडीवर जेवली असती? तू देणार होतीस शेगडी?" मग हळूच — "तुला ही नोकरी कुणी गाणं ऐकून दिली का गं? साहेबांनी आपल्याकडची मुलगी म्हणून दिली. तेव्हा बरं तुला शेजाराचं वाईट वाटलं नाही?"

आई म्हणाली, "पुरे."

पुरे तर पुरे.

४ फेब्रुवारी

कॅम्प फाटला आहे. पलीकडचं किचन म्हणतं, गार्ड मुलींनी बिर्याणी खाऊन दगा दिला. गेटवर त्यांना आयडी दाखवत नाहीत, अंगावर फेकतात. काल केबिनमधली विजेची प्लेट कुणीतरी फोडली. धनंजय बाबांवर रुसलाय — आमचं-तुमचं एकेक मत सारखंच होतं, मग गार्ड मुलींचं मत किसनलाच कसं गेलं! दोन्ही किचनमध्ये दुसरा विषयच नाही. कुणी कुणाला दिलं, का दिलं, पुढच्या वर्षी बघून घेऊ.

सरांना सांगायला गेले, की माझ्यामुळे हे सगळं बिघडलं. ते खूश होते! कॉफी मागवली माझ्यासाठी.

"बिघडलं? अगं, दारात कुणी उभं आहे का बघ. तीन आठवडे झाले, रजेचं नाव काढलंय का एकानं तरी?"

खरंच. एकानंही नाही.

मी इतके दिवस मत कसं द्यावं याचाच विचार करत होते. मुलीच्या ऑपरेशनला आईनं जावं की नाही, यावर मतं घ्यायचीच कशाला — हा विचार मला शिवलाही नाही. आणि रजा बक्षीस म्हणून ठेवा, असं त्यांनी नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं.

५ फेब्रुवारी

कॉफी पूर्ण प्यायले होते मी.

८ फेब्रुवारी, रविवार

किसन आज गेला. व्हॅनमध्ये बसण्याआधी माझ्याकडे आला. "ताई, कुणी जायला पाहिजे होतं ते मला पण कळतं. मी साहेबांना म्हटलं, माझी रजा तिला द्या. ते म्हणाले, रजा अशी देता येत नाही, तुला नको असेल तर खलास, कॅन्सल. मग मी काय करू?"

म्हटलं, जा तू. घरी सगळ्यांना भेट.

व्हॅन गेटपाशी आली. दांडा उचलायला नबिलाच होती ड्युटीवर. तिनं दांडा वर केला, किसनकडे बघून हात हलवला. किसननं मान दुसरीकडे वळवली. व्हॅन गेली. तिनं दांडा खाली घेतला.

१० फेब्रुवारी

सर दोन दिवस रुवैसला गेलेत, माणसांच्या राहण्याची सोय बघायला. जाताना कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. "तूच आपली विश्वासातली."

कपाटात सगळ्यांचे पासपोर्ट आहेत. सुरक्षिततेसाठी, असं म्हणतात. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडेच असला पाहिजे, असा इथला नियम आहे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत. तरी कपाट भरलेलं. माणसं येतात, हात बांधून मागतात, घेताना सही, परत ठेवताना सही. वर्षभर त्या सह्या मीच घेते आहे. एकदाही वाटलं नाही, की आपण काय करतोय.

गठ्ठे देशवार लावलेले. इंडिया आणि नेपाळ एका फळीवर. पाकिस्तान, बांगलादेश दुसऱ्या. युगांडाचे चार खाली, मागे, स्टेपलरच्या खोक्याआड. वाकावं लागतं.

इंडियाच्या गठ्ठ्यात बाबांचा आहे. फोटोत केस काळे आहेत.

काही झालं तर त्यांचीही नोकरी जाईल. आणि त्यांच्या नोकरीवरच आमचं तिघांचं इथं राहणं. हे सगळं मला कळतं. कळत नसतं तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी

गेटवर आज दुसरी मुलगी आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नबिलाला तिचा पासपोर्ट परवा संध्याकाळीच दिला. उतरली असेल आतापर्यंत, निरोप अजून नाही. ती नोकरीवर परत येऊ शकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचार करायला वेळ घेतला नाही.

आज शिफ्ट सुटल्यावर बाकीचे सगळे दिले. गेटजवळ टेबल टाकलं आणि कपाट रिकामं केलं. माणसं सवयीनं देशवार उभी राहायला लागली. म्हटलं, नको, एकच रांग करा. सरांचा फोन वाजत होता, उचलला नाही. किल्ली आणि राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवून आले आहे.

रांगेत सगळ्यात शेवटी बाबा होते. माझ्या हातातल्या पासपोर्टकडे बघत राहिले. मग खिशातलं पेन काढून म्हणाले, "सही कुठे करू?"

"सही नाही, बाबा. तुमचाच आहे."