तिसऱ्याची जागा

रवि. २ मार्च २०१४
शेजारच्या माक चिक, म्हणजे मावशी, झलेहांकडे बसलो. मूळच्या सुमात्राच्या, मिनांगकाबाऊ जमातीच्या. नवरा गेल्या वर्षी गेला. आज तालेमपोंग ऐकवलं. काशाच्या उपड्या वाट्या, माणशी दोन, हातात धरून काठीनं ठोकायच्या. वाजवणारे तीन. एकाच्या ठोक्यांच्या मधल्या फटीत दुसरा, पुरी चाल कुणा एकाकडे नाही. आता माय-लेक दोघंच. नवऱ्याची जोडी भिंतीवर, त्याची जागा वाजवताना मोकळी सोडतात.
"तिथे तो वाजवतो," अगदी सहज म्हणाल्या.

शनि. ८ मार्च
ती जोडी माझ्या हातात दिली! पुण्यात तबला घासलेला, मला काय अवघड? दर वेळी समेवर जाऊन आपटलो. "सगळ्यांनी एकदम कुठे पोचायचंय?" पोट धरून हसल्या. मी काठीला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं.

मंगळ. ११ मार्च
ऑफिसला जाताना एमआरटीच्या गाडीत ती चाल डोक्यात. माय-लेक दोघं, आणि मोकळ्या जागेत तिसरा. नेमका वाजला. बायकोला बोललो नाही, उगाच...

रवि. २३ मार्च
त्यांचा मुलगा हाफिझ लग्नांत वाजवतो. लोकांना पॉप गाणी हवीत, वाट्या कीबोर्डशी जुळत नाहीत. "अंकल, जुन्या सुराला कोण बोलावतं? घर यावर चालतं." खोटं कसं म्हणू? आमच्या पेटीनं तरी गळ्याच्या सुरांचं काय केलं? दोघांच्या वाट्या कानस मारून कीबोर्डच्या सुरात आणल्यात. घासलं ते परत येत नाही.

शनि. ५ एप्रिल
आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर लग्न. कीबोर्ड, ड्रम मशीन, माय-लेक. गोड वाजलं, हीच पंचाईत. माक चिक मध्येच थांबल्या. मांडवामागे माझा हात धरला, "तो आला नाही."
मीही कान लावून होतो. नाही आला. फार वाईट वाटलं.

रवि. ६ एप्रिल
सकाळी माक चिक दारात, नवऱ्याची जोडी पिशवीत. "हाफिझ हीपण घासायला नेणार. तुझ्याकडे ठेव. विचारलं तर नाही म्हण." बापाची वस्तू लेकापासून लपवायची? घेतली खरी.
आत्ता हाफिझ आलाय. डोळे सुजलेले. "आई कालपासून बोलत नाही. अंकल, बाबांची जोडी तिनं तुमच्याकडे दिलीय का?"
"चहा टाकतो," म्हटलं.
तो बाहेर बसलाय, मी ओट्याशी हे खरडतोय. पाणी आटत आलं. पत्ती अजून घातलेली नाही.