कळलं तेवढंच लिहिलं

३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

अर्जाचं सातवं पान भरत होते, तेवढ्यात तुमचं पाकीट दाराखालून आत सरकलं. पान तसंच टाकून निवृत्त शिक्षकांचं त्रैमासिक उघडलं. 'नळीतली लढाई', पान चौदा ते सतरा, सोबत तुम्ही हाताने काढलेली आकृती. उभ्यानेच वाचलं. चहा निवला.

लघवीच्या नळीत जंतू कसे चिकटतात, त्यांच्यावर चिकट थर कसा धरतो आणि मग औषध आत का पोचत नाही, हे मी परिषदांमध्ये वीसदा सांगितलं असेल. इतकं सरळ मला कधी जमलं नाही. आणि जंतू चिकटू नयेत म्हणून नळीला द्यायचा आपला लेपही तुम्ही पुरता उतरवला आहे. कोणतं मीठ किती, नळी किती वेळ बुडवायची, किती अंशांवर वाळवायची, सगळं बरोबर. जंतूला पाय रोवायला जागाच ठेवायची नाही, हे तुमचं वाक्य शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की तुझ्याऐवजी वडिलांनाच नेमायला हवं होतं. लेख टेबलासमोरच्या भिंतीवर लावला आहे.

आई अर्जाचं विचारत होती, तिला सांगा. पीएचडी होऊन पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माझ्यासारख्यांसाठी ही फेलोशिप आहे. हातातलं काम बाजारापर्यंत, म्हणजे शेवटी रोग्यापर्यंत, कसं न्यायचं ते शिकवतात. दोन वर्षं; निम्मा वेळ इथे, निम्मा नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत. कंपनी तयार आहे. मिळाली नाही तर जूनअखेर माझी नेमणूक संपते आणि लेप कपाटात राहतो. मुदत पंधरा एप्रिलची.

पायऱ्या सांभाळून उतरा. लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईने दोनदा वाचलं. तिचं म्हणणं, कौतुक तुमचं होतंय आणि चष्मा मात्र मला पुसावा लागतोय.

लेख लिहिणं जड गेलं नाही. ऑपरेशननंतर दीड महिना ती नळी मी वागवली आहे, दोनदा ताप काढला आहे. उरलेलं तुझ्या पत्रांतून घेतलं. चार वर्षं मी शंका विचारतो आहे आणि तू न कंटाळता उत्तरं देते आहेस, एवढे चांगले गुरू मला शाळेत भेटले नाहीत.

ग्रंथपाल बाईंनी अंक वाचनाच्या टेबलावर दोरीने बांधून ठेवला आहे, कारण मागचा कुणीतरी घरी नेला. आमच्या माजी मुख्याध्यापकांनी रस्त्यात थांबवून विचारलं की अजून मुलीचे पेपर तपासता का. मी म्हटलं, आता ती माझे तपासते. तेव्हा चूक सापडली तर निःसंकोच कळव.

कंपनीत जाशील तेव्हा डबा विसरू नकोस. लोभ इथे भरपूर आहे, तिकडचा शिल्लक ठेव.

तुझे,
बाबा


१५ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

चूक नाही. अडचण तीच आहे.

अर्जाच्या बाराव्या पानावर विचारलं आहे, की ही पद्धत पूर्वी कुठेही, कोणत्याही स्वरूपात लोकांपुढे आली आहे काय. मी सवयीने 'नाही' लिहिलं. परिषदांत मी लेप काय करतो ते सांगते, तो कसा करायचा ते कधीच सांगत नाही. मान वर केली तर समोर भिंतीवर तुमचा लेख.

पेटंट विभागातल्या बाईंकडे तो घेऊन गेले. आमचा पेटंटचा अर्ज अजून दाखल व्हायचा आहे, मसुदा त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी लेख सावकाश वाचला, मग आकृती पाहिली. म्हणाल्या, ढोबळ असता तर काही बिघडलं नसतं. पण हा वाचून कोणताही जाणता माणूस लेप करू शकेल, आणि जे सगळ्यांपुढे आलं त्यावर पेटंट मिळत नाही. पेटंट नसेल तर कंपनी रोग्यांवरच्या चाचण्यांना हात घालणार नाही. लेखक कोण, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, निवृत्त शिक्षक. त्या म्हणाल्या, दिसतंच आहे.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. कुणाला सांगू नका असं मी कधी लिहिलं नाही. तुम्हाला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं असं मला कधी वाटलंच नाही.

बाराव्या पानावरचं 'नाही' खोडलं आहे. 'हो' अजून लिहिलेलं नाही.

तुमची,
धाकटी


२२ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. मग अंक गोळा करायला निघालो.

दोनशे चाळीस छापले होते. एकशे सत्याऐंशी परत मिळाले, ग्रंथालयातला दोरीसकट. ते पलंगाखाली आहेत. एका बाईंनी द्यायला साफ नकार दिला. त्यांच्या यजमानांना तीच नळी लावली आहे. त्या म्हणाल्या, एवढं नीट आम्हाला दवाखान्यात कुणी सांगितलं नाही, तुमचं काय बिघडलं ते तुम्ही बघा.

संपादक अंक रद्द झाल्याचं छापायला तयार आहेत. सोबत मी सही करून एक कागद पाठवतो आहे. लेखातली प्रमाणं माझ्या मनची आहेत, मुलीने ती सांगितलेली नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. खोटं लिहिलं म्हणून सदतीस वर्षं मुलांना बाकावर उभं केलं. कागद लिहिताना ते आठवलं. तरी लिहिला. बाराव्या पानावर 'नाही' राहू दे. आमचं त्रैमासिक वाचतं कोण.

एक विचारायचं होतं. तुझ्या जानेवारीच्या पत्रातली दुसरी रीत, आधी नळी वाफेवर धरून मग दोन वेगळ्या पाण्यांत बुडवायची ती, मी लेखात घेतलेली नाही. मला ती कळली नव्हती. आपल्याला कळत नाही ते फळ्यावर लिहायचं नाही, एवढंच कारण. त्याने काही फरक पडतो का?

बाबा


२९ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

'हो' लिहिलं आणि तुमचा लेख अर्जाला जोडला. तुमचा सहीचा कागद फाडला. तो तुमच्या अक्षरात मला वाचवेना. अंक ज्यांचे त्यांना परत द्या.

फरक पडतो. मी सांगितलं तेव्हा पेटंटच्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. दुसऱ्या रीतीचा लेप दुप्पट दिवस टिकतो आणि ती कुठेच आलेली नाही. ती मला, आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना आणि तुम्हालाच ठाऊक आहे. तिच्यावर पेटंट मागता येईल. कंपनी तेवढ्यावरही सोबत राहायला तयार आहे, पण दोन गोष्टी मागते. एक, मी तुम्हाला लिहिलेली सगळी पत्रं त्यांच्या वकिलांकडे जमा करायची, कुणाला काय केव्हा सांगितलं त्याचा पुरावा म्हणून. ती परत मिळतील असं धरून चालू नका. दुसरं, मी सही करायची, की यापुढे कामाबद्दल कुणालाही एक ओळ लिहिणार किंवा बोलणार नाही. घरच्यांनाही, असं मी बाईंना विचारलं. त्यांनी कागदातल्या 'कुणालाही' या शब्दावर बोट ठेवलं.

सही केलेली नाही. साखर का नाही, मीठच का, असं दुसऱ्या वर्षी तुम्ही विचारलंत, त्या उत्तराच्या शोधात लेप सापडला. सरांना हे मी कधी सांगितलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर अर्ज मागे घेते.

तुमची,
धाकटी


४ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

सही कर.

तुझी आईही तेच म्हणते, पण तिचं कारण वेगळं आहे. तिला वाटतं, आता तरी पत्रात तू तुझ्या तब्येतीचं लिहिशील.

पत्रं बाहेर काढली. एकशे नऊ भरली. घरचं तेवढं कापून ठेवता येईल म्हणून कात्री घेऊन बसलो. एका बाजूला मिठाचं प्रमाण, आणि उलटून पाहावं तर तू आठ दिवस तापाने पडून होतीस आणि कुणाला कळवलं नव्हतंस ते. कापता आलं नाही. सगळी जातील. दुपारपासून तुझी आई वाचते आहे. उतरवून ठेवू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, उद्या तेही मागतील.

वाफेचं मला अजून कळलेलं नाही. आता विचारणार नाही, आणि तूही सांगू नकोस. काम बरं चाललं आहे, एवढं कधीमधी लिहीत जा. तेवढं तरी चालतं का, ते वकिलांना विचारून घे.

लोभ होता तेवढा आहे.

बाबा

ता. क. (५ एप्रिल) सकाळी सव्वादहाला पार्सल टपाल कचेरीत दिलं. वजन एक किलो आठशे. खिडकीवरच्या माणसाने आत काय आहे असं विचारलं. मी कागद म्हणालो. पावती सोबत आहे.